गाय नई वं, माय

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. वाचतानाही प्रत्येक अनुभवाचं काहीतरी उत्तर मनात शोधत असते - झोप झाली नसेल, वारा असेल, भास असेल. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण एका गोष्टीचं उत्तर मला सापडत नाहीये आणि शोधायची ताकद फार उरलेली नाही... म्हणून लिहितेय.

आम्ही जळगावला राहतो, दुसऱ्या मजल्यावर, वन बीएचके. पप्पा शिरपूरला नोकरीला, रविवारी येतात. मागच्या हिवाळ्यात आईला पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तिला समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त "अ... अ..." निघायचं. तेव्हापासून घरी मी एकटीच. कूस बदलणं, डायपर, पेज भरवणं, व्यायाम. उन्हाळा येईपर्यंत मी इतकी थकले होते की आईशी बोलणंही हळूहळू बंद झालं. उत्तर येणारच नसेल तर माणूस किती बोलणार?

स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या लहानपणीची गाणी म्हणा. बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शाबूत राहतं."

मी घाबरलेच. मी इंग्लिश मीडियमची, चारचौघांत तोंड न उघडणारी. आई माझ्याशी कायम पुस्तकी मराठीत बोलली. तिची अहिराणी मी ऐकली ती फक्त फोनवर, अक्काशी बोलताना. अक्का म्हणजे आईची मोठी बहीण, दोंडाईचाजवळच्या खेड्यात राहते.

तिच्याकडे फोनवर गाणं मागितलं. अक्का म्हणाली, "आखाजीनं गानं धाडस. पन तुले जमी का वं, मॅडम?"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे लेकी तेव्हा माहेरी येतात, झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात. तिने धाडलेली व्हॉइस नोट आली - मागे कोंबड्यांचा कलकलाट आणि अक्काचा चिरका आवाज:

"नदीकाठे बाभूय पिवयी फुलनी,
वाट दखस माय मनी..."

बाभूळ पिवळी फुलली, माझी आई वाट बघतेय. तेवढंच, पुन्हा पुन्हा.

दुपारी मी खिडकी लावून घेतली, शेजारी ऐकतील म्हणून. नोट ऐकली, मोबाईल बाजूला ठेवला आणि आईचे पाय चेपत गायला लागले. सुरुवातीला आवाजच फुटेना. मग चाल जमली. कितीतरी महिन्यांनी छातीवरचं ओझं जरासं हललं... आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणत राहिले -

"वाट दखस मोरी गाय मनी..."

आईने कपाळाला आठ्या घातल्या आणि चिडून म्हणाली, "गाय नई वं... माय!"

मी तिथेच पायांवर डोकं ठेवून रडले. मग अक्काला फोन लावला. ती आधी हसली, देवाचं नाव घेतलं. मी कशी चुकले ते सांगितल्यावर मात्र थांबली.

"काय म्हनं तू? परत म्हन."

मी म्हटलं.

"मोरी तुले कोनी सांगं?"

"तूच ना, नोटमध्ये? मोरी म्हणजे माझी... हिंदीसारखं."

"मोरी ते आमनी गायनं नाव व्हतं, बेटा."

मग तिने सांगितलं. आईला एक धाकटी बहीण होती, शेवंता. झोक्यावर बसली की मुद्दाम "मोरी गाय" म्हणायची, कारण आई चिडायची आणि चापट मारून हेच सुनावायची. शाळेत जायच्या वयाआधीच शेवंता तापात गेली. त्यानंतर आईने ते गाणं कधी म्हटलं नाही. मला तर अशी एक मावशी होती हेच माहीत नव्हतं.

नोट परत लावली. कितीदा तरी. त्यात स्वच्छ "माय मनी" आहे.

आई बोलली, त्याचं कारण मॅडमनी आधीच दिलं होतं. थकव्यात मी मायचं गाय ऐकलं असेल, तेही मान्य. पण मोरी? मी तान्ही असताना आईने कधी गुणगुणलं असेल, असं म्हणून मी तो विषय बंद केला होता.

आता रोज दुपारी आम्ही गातो. पहिली ओळ दोघींची, दुसरी माझी. मी मुद्दाम चुकते, ती दुरुस्त करते. "पाणी", "पुरे", माझं नाव - एवढे शब्द परत आलेत. थकवा आहेच, पण आता मला दुपार व्हावीशी वाटते.

गेल्या आठवड्यात सर्दीने माझा आवाज पार बसला होता. लाइट गेलेली, कूलर बंद. मी आईच्या उशाशी नुसती तिच्या केसांतून हात फिरवत बसले होते. तिने स्वतःच पहिली ओळ धरली, अडखळत पूर्ण केली आणि थांबली. दुसरी ओळ माझी होती. माझ्या घशातून आवाज निघेना.

आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती पलंगाच्या पायथ्याकडे बघत होती. कोणाची तरी ओळ संपेपर्यंत थांबावं तशी थांबली... मग हसली. म्हणाली,

"गाय नई वं, माय."

मी तिकडे पाहिलं. घडी घातलेली चादर होती. बाकी काही नाही.

भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला फक्त इतकंच वाटलं, की त्या दुपारी आईजवळ बसायला मी एकटी नव्हते. कोणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा... नसलं तरी चालेल.