होडी इली

मालनकाकी मुलाला भरवायला बसली की आमच्या नायगावच्या चाळीतल्या अख्ख्या मजल्याला कळायचं. "होडी इली, बाबू, तोंड उघड," असं खड्या मालवणीत म्हणत ती मऊ भाताचा चमचा होडीसारखा डोलवत त्याच्या ओठांशी न्यायची. बाबू तिशी ओलांडलेला. पण जन्मापासून ना मान धरली, ना बोलला. त्याच्या चमच्याला काकीनं कुणाला हात लावू दिला नाही. "माझ्याबिगर तो घास गिळूचो नाय," म्हणायची. हा तिचा तोरा होता, आणि आम्हीही तो खुशाल मिरवू दिला.

एका रविवारी दुपारी ती तळलेले बोंबील द्यायला आली तेव्हा मी टीव्हीवर परदेशी सिनेमा लावून लोळत होतो. काकीला रडके सिनेमे खपत नसत. "रडूक सिनेमो कित्याक होयो?" हे तिचं ठरलेलं. पण त्या सिनेमात बाबूसारखीच एक मुलगी होती. तिची आई आजारी पडून इस्पितळात गेली, आणि परक्या बाईचा चमचा मुलीच्या मिटलेल्या ओठांवर नुसताच टेकून राहिला. असल्या सिनेमांनी मी कधी हलत नाही, पण त्या दिवशी हललो. काकीकडे बघवेना. सिनेमा बंद करायला मी रिमोट उचलला.

"रवांदे," ती म्हणाली. आणि बशी हातात धरूनच शेवटपर्यंत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकीची मला हाक आली. "झिला, हात धू नि बस. माका काय झाला तर ह्येका कोण भरवतलो?" चमचा माझ्या हातात देऊन ती बाहेर गॅलरीत पाठ करून उभी राहिली. बाबूनं ओठ घट्ट मिटले.

"खाल्ल्यान?"

"नाही, काकी."

रोज हेच. काकीची झोप उडाली, चेहरा उतरला. मलाही ऑफिसात त्याचे मिटलेले ओठ दिसायचे. शेवटी एकदा लाज सोडून मी तिच्यासारखाच ओरडलो, "होडी इली, बाबू!" त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि घास घेतला.

"खाल्ल्यान?"

"खाल्ला."

काकी गॅलरीतच मटकन खाली बसली. "मेलो माका इसारलो," म्हणत हसली आणि पदरात तोंड घालून रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे काकी वारली, त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली नव्हती. मी माझ्या घरून मऊ भात आणला आणि बाबूजवळ बसलो. चमचा ओठांशी नेला, पण माझा आवाजच फुटेना. बाबू दाराकडे बघत होता. दारात जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "होडी इली, बाबू." मग दुसरी म्हणाली, मग गॅलरीतून आणखी कुणी.

बाबूनं तोंड उघडलं.