वर गुळव्या, खाली जाळव्या

चौथीत बाईंनी वडिलांचा धंदा विचारला तेव्हा मी धडधडीत खोटं सांगितलं, 'गुळव्या'. अण्णा जाळव्या होते. कोल्हारकडच्या गुऱ्हाळांत तेव्हा हे दोन शब्द म्हणजे दोन पायऱ्या. गुळव्या वर काहिलीपाशी, रसाच्या मोठ्या कढईपाशी उभा. रसाचा गूळ कधी झाला हे त्यालाच कळायचं. तो 'उतरवा' म्हणाला की काहील उतरायची. जाळव्या खाली चुलाणापुढं बसून चिपाडं सारणार. काळंकुट्ट तोंड घेऊन अण्णा घरी आले की मला लाज वाटायची. वाटायची, आता काय लपवायचं.

मागच्या हिवाळ्यात राहुरीच्या रस्त्याला एका तरुण शेतकऱ्यानं बिनकेमिकलचं गुऱ्हाळ काढलं आणि जाळ कसा ठेवायचा ते शिकवायला अण्णांना गाडी पाठवली. या वयात कुठं पडतील-झडतील म्हणून मीही गेले. अण्णा चुलाणापुढं बसले, मालक वर तापमानाचं मीटर घेऊन उभा. बऱ्याच वेळानं अण्णा दोनदा खोकले. मी पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला सारलं. परत दोनदा खोकले आणि मग ओरडलेच, "आरं उतरवा की, जळंल!"

"काका, तुम्हाला तिथनं काहील दिसत पण नाही," मालक म्हणाला. पण उतरवली. गूळ इतका सुरेख पडला की तो मीटरकडंच रागानं बघत राहिला.

माझं डोकं चालेना. परतताना अण्णांना खोदून विचारलं.

"आमच्या गुळव्याची नजर गेल्ती," ते म्हणाले. "शेवटची लई वर्सं. वासावरनं, रटरट ऐकून मी खालनं दोनदा खोकायचो. मग त्यो 'उतरवा' म्हनायचा."

"मग गुळव्या कोण, अण्णा?"

"त्योच की. कळलं आसतं तर कुनी ठिवला आसता का त्याला?"

मला अभिमान वाटला आणि तितकाच रागही आला. मी शाळेत सांगितलं ते खोटं होतं की खरं? इतकी वर्षं मी लाजले ती नेमकी कशाला? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

तो गुळव्या वारूनही आता बरीच वर्षं झाली. परवा मालकाचा फोन आला. गुळाच्या पाकिटावर अण्णांचा फोटो छापायचाय, खाली काय लिहू? मी म्हटलं, 'गुळव्या' लिहा. अण्णांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"जाळव्याच लिवा," ते म्हणाले. "आमच्या गुळव्याचा ल्योक गावातच ऱ्हातो. वाचंल त्यो."