तुमची बायको कशी आहे?

मेथी निवडायला घेतली की तिच्या ओल्या, कडवट वासाने मला वारज्याच्या घरातली एक दुपार आठवते. आमचे हे मार्केट यार्डात भाजीच्या गाळ्यावर कामाला होते. विसरण्याचा आजार जडल्यावरही हातात मेथीची जुडी दिली की शांत बसायचे. देठ पातेल्यात टाकायचे आणि पानं कचऱ्यात. मी टोकत नव्हते, तेवढाच मला आराम. त्यांचं सगळं मीच करायचे, मुलालाही हात लावू द्यायचे नाही.

त्या दुपारी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?"

जन्मभर 'अगं' म्हणणारा माणूस मला 'तुम्ही' म्हणाला. रडू यायला हवं होतं, पण मला उत्सुकताच वाटली. अशी संधी कुठल्या बाईला मिळते?

"शेजारची. तुमची बायको कशी आहे हो?"

"फटकळ आहे," ते लगेच म्हणाले. मग आतल्या खोलीकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "हळू बोला. आत्ताच झोपलीय. फार दमते, पण कबूल करत नाही."

आत कोणीच नव्हतं. त्यांना तिथे कोण दिसत होतं, ते मला अजून उमगलेलं नाही. पण मी दमते, हे तोवर घरात कोणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी गॅलरीत बसलेल्या मुलाला हाक मारली. "बाबांजवळ बस."

तो घाबरला. "आई, बरं नाही का?"

"बरी आहे. बाबा म्हणतात, मी झोपलेय."

आणि आत जाऊन आडवी झाले.