रंगनाथमामा, वांदरं आणि डेंग्यूचा ताप

परवा सकाळी आमच्या गावात, जाफराबादजवळ, शेजारचे रंगनाथमामा ओसरीवर कणकेत उंदराचं औषध कालवताना दिसले. त्यांची नात डेंग्यूने जालन्याला ॲडमिट... आणि गावात कुणीतरी उठवलं होतं की हा ताप चिंचेवरच्या वानरांनी आणला.

मी वन्यप्राण्यांची डॉक्टर. दोन वर्षं ब्राझीलमध्ये काम केलं, सध्या सुट्टीवर आलेय. काम काय, तर जंगलातल्या माकडांना यलो फीव्हर नावाच्या जीवघेण्या तापाची लस देणं! खारीपेक्षा थोडी मोठी, सोनेरी केसांची माकडं... पिंजऱ्यात केळं ठेवून धरायची, टोचायचं आणि परत त्यांच्या कुटुंबात नेऊन सोडायचं.

“मामा, हे कुणासाठी?”

“वांदरायसाठी. पोरगी तिकडं सलाईनवर पडली, अन् हे इथं उड्या मारून राह्यले!”

मी ओरडले नाही. शेजारी बसले आणि सांगितलं... तिकडेही असंच झालं होतं. ताप पसरवत होते डास, आणि घाबरलेल्या लोकांनी मारली माकडं. खरं तर ती बिचारी स्वतःच त्या तापाने मरत होती. जंगलात माकडं मरायला लागली की माणसं सावध होतात, लस घेतात. आता आम्ही त्या बारक्या माकडांनाही लस टोचतो.

“मंग आपल्या वांदरायला बी टोच की!”

“डेंग्यूचं तसं न्हाई मामा. आपल्या गावात हा ताप डास एका माणसाकडून दुसऱ्याकडं नेतो. वानराचा काही संबंध न्हाई. चला, दाखवते.”

नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून मोरीजवळ निळा ड्रम भरलेला. मी वरचं अर्धवट सरकलेलं झाकण काढून मोबाईलचा टॉर्च मारला. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

“यांचेच डास होतात, मामा.”

मामांनी ड्रममध्ये वाकून बघितलं. “हे पाणी मीच भरल्तं...” ते म्हणाले.

मग कणकेचा गोळा त्यांनी स्वतःच, फेकून द्यायला, मी पुढे केलेल्या पिशवीत टाकला. मामींनी आणि त्यांनी मिळून ड्रम आडवा केला, मी आतून घासून काढला. दुपारपर्यंत आख्ख्या गल्लीतले ड्रम आणि रांजण उन्हात पालथे होते!

काल नात घरी आली. अशक्त आहे, पण हसतेय. मामा सांगायला आले आणि दारातच घुटमळले.

“त्या तिकडच्या बारक्या माकडायला... सुई दुखत असंल ना गं?”

“दुखते मामा. पण क्षणभरच.”

“आमच्या पोरीला बी लई टोचलं,” म्हणाले, आणि डोळे पुसत निघून गेले.

जंगलात माकडांना लस देताना शाबासकी पुष्कळ मिळाली. पण वानरांना विष घालायला निघालेल्या मामांच्या त्या एका प्रश्नाने जे दिलं, त्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे...