टिटवीच्या पोटात पाणीपुरी

माझी नणंद मोहना सबनीस रागीट आहे, हे बडोद्याच्या आमच्या दांडिया बाजारात सगळ्यांना माहीत आहे. शाळेत असताना पोहण्याच्या शर्यतीत पंचांनी चुकीचा निकाल दिला म्हणून ती ओल्या अंगाने तासभर हौदाच्या काठावर बसून राहिली होती. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला हीच गोष्ट पहिल्यांदा सांगितली, वर म्हणाल्या, "हिला शांत करायला जाऊ नकोस, स्नेहलता. उपयोग होत नाही."

मोहना जहाजबांधणी शिकली. त्यासाठी कोचीला गेली. समुद्र नसलेल्या बडोद्याची मुलगी होड्या कशाला शिकते, हे नातेवाइकांना कधीच कळलं नाही. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ती परत आली. इथल्याच मकरपुऱ्यात एका कारखान्यात नोकरी धरली. तिथे फायबर ग्लासच्या टाक्या होतात, आम्लं साठवायच्या. वीस वर्षं तिने कागदावर टाक्या काढल्या. रविवारी सकाळी मात्र ती टेबलावर मोठा कागद पसरून होडीच्या रेषा ओढत बसायची. तेव्हा तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालत नसे.

कारखान्याचे मालक मयंकभाई. त्यांना मुंबईत शिडाच्या होड्यांच्या शर्यती बघायचा नाद लागला आणि आपलीही एक होडी हवी असं वाटायला लागलं. परदेशातून आणण्याऐवजी आपल्याच कारखान्यात करू, असं मोहनानेच सुचवलं. तिने होडी काढली ती लांबट आणि अगदी अरुंद. खाली पोलादी पातं, पात्याच्या टोकाला शिशाचा जड गोळा, म्हणजे वाऱ्याने होडी कितीही कलली तरी तो तिला परत उभी करणार. मयंकभाई साचा बघायला आले आणि म्हणाले, "मोहनाबेन, यात बसायचं कुठे?"

"बसायची नाहीच ती. कडेला बाहेर झुकून लटकायची आहे."

त्यांना काहीतरी राणी-महाराणी असं नाव हवं होतं. हिने पांढऱ्या होडीवर काळ्या अक्षरांत 'टिटवी' लिहून टाकलं. ते हसले. तेव्हा ते पुष्कळ हसायचे.

होडी ट्रेलरवरून मुंबईला गेली. सुकाणूवर ऋचा नावाची मुंबईची दातांची डॉक्टर, बाकी तिच्याच ओळखीची मंडळी, आणि पुढच्या शिडाच्या दोरीवर आमची मोहना. हिवाळाभर दर शुक्रवारी रात्रीच्या गाडीने जायची आणि सोमवारी सकाळी तळहात सोलवटून कामावर हजर. पहिल्या वर्षी कुणी टिटवीकडे लक्ष दिलं नाही. मंद वाऱ्यात ती बाहेरून आणलेल्या महागड्या होड्यांच्या पुढे सरकायला लागली, तेव्हा लोक दुर्बिणी काढून बघायला लागले. दुसऱ्या वर्षी मोसमाचा करंडक तिचा. पेपरात फोटो आला, त्यात मयंकभाई मधोमध उभे होते आणि मोहनाचा फक्त कोपर दिसत होता. त्याचा तिला राग आला नाही. मला आला.

तिसऱ्या वर्षी मयंकभाईंनी पाहुणे बोलावले आणि सुकाणू स्वतः धरलं. ओहोटी होती. पाण्यातल्या खुणेच्या बोयाला वळसा घालताना प्रवाह होडीला त्याच्यावर ढकलणार, हे मोहनाने ओरडून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. होडी बोयावर घासली, दंड म्हणून जागेवर एक गिरकी घ्यावी लागली, आणि टिटवी शेवटून दुसरी आली. धक्क्यावर उतरल्यावर ते पाहुण्यांना म्हणाले, "शीड बराबर नव्हतं."

मोहना तिथेच होती. "शीड बरोबर होतं. तुम्ही ओहोटी विसरलात."

एवढंच बोलली. पण सगळ्यांसमोर.

पुढच्या आठवड्यात टिटवी दुरुस्तीला गेली. काय दुरुस्ती, विचारलं तर रंग. रंग झाला का, विचारलं तर शेडमध्ये आहे. मोसम संपला, पावसाळा गेला, दुसरा मोसमही आला आणि गेला. ऋचा फोन करकरून दमली. मोहना टाक्या काढत राहिली. जेवताना ताटाकडे बघून म्हणायची, "होडी वाळत पडली की खराब होते, वहिनी."

गेल्याच्या गेल्या वर्षी डिसेंबरात माझ्या मुलाचं, शुभंकरचं, लग्न झालं. रिसेप्शनसाठी पादरा गावाच्या रस्त्यावरचा एक नवा पार्टी प्लॉट मीच पसंत केला. हिरवळ छान होती, कारंजं होतं, आणि मधोमध एका चौथऱ्यावर सोनेरी रंगाची मोठी होडी होती, फोटो काढायला. टिटवी मी कधी समोर पाहिली नव्हती. सुनेला, आकांक्षाला, मीच हौसेने म्हटलं, तुमचा फोटो इथे काढू.

मोहना जरा उशिरा आली. गर्भरेशमी साडी, केसात गजरा. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबली. मला वाटलं हिला चक्कर आली. मग ती सरळ हिरवळ तुडवत होडीकडे गेली आणि तिने पुढच्या टोकावरून हात फिरवला.

खालचं पातं गॅस कटरने कापलेलं होतं. पोट सिमेंटात चिणलेलं. कडेला भोकं पाडून दिव्यांच्या माळा ओवलेल्या. डोलकाठी मुळातून गेलेली, तिच्या जागी छत्री. आत, जिथे ऋचा पाय रोवून उभी राहायची, तिथे पाणीपुरीचा काउंटर.

पुऱ्या फोडणाऱ्या माणसाला ती म्हणाली, "भाई, तुमची चूक नाही. पण हे उचला."

तिचा चेहरा बघून तो बाजूला झाला. तिने स्वतः पुदिन्याच्या पाण्याची भांडी एकेक करून खाली गवतावर ठेवली आणि साडी आवळून आत जाऊन बसली. बँडवाले वाजवायचे थांबले. माझ्या अंगाची लाही झाली होती. व्याह्यांकडचे शंभर लोक बघत होते. आमचे हे धावत गेले, हात जोडून म्हणाले, "मोहना, आज नको गं."

"मग कधी, दादा? मयंकभाईंना बोलवा."

प्लॉट मयंकभाईंचाच होता, हे मला तेव्हा कळलं. ते वीस मिनिटांत आले. हसतच आले. "अरे मोहनाबेन, आ शुं, हे काय? घरचं लग्न आहे, खाली या."

"शेडमध्ये आहे म्हणालात."

"होडी मारी छे. मी काय पण करीन."

"तुमचीच आहे. म्हणून तर मी दोन वर्षं गप्प बसले. हरलात म्हणून हिचा पाय कापलात?"

"तुम्हाला दुसरी बनवून देतो, बस? याच्यापेक्षा मोठी. आत एसी, सोफा."

तो सोफा ऐकला आणि माझं डोकं फिरलं. इतका वेळ मी मोहनावर चिडले होते. माझ्या मुलाच्या रिसेप्शनचा तिने तमाशा केला म्हणून मला तिला ओढून बाहेर काढायचं होतं. पण हा माणूस माझ्यासमोर तिला खेळणं मोडलेल्या पोरीसारखं समजावत होता. मी म्हटलं, "मयंकभाई, आमचं जेवण झालं की तुमचा प्लॉट सोडतो आम्ही. तोवर ती बसेल तिथे. तिला कुणी हात लावायचा नाही."

ती जेवणं होईपर्यंत बसली. आकांक्षाने तिचं ताट तिथेच नेऊन दिलं. तिने श्रीखंड खाल्लं नाही, एवढं मला आठवतं.

सोमवारी तिने राजीनामा दिला. टिटवीचं काही झालं नाही, ती आजही तिथेच आहे आणि लोक फोटो काढतात. मोहनाने त्या रस्त्याने जाणं सोडलं. ऋचा आणि तिची मंडळी बडोद्याला येऊन म्हणाली, आम्ही सगळे मिळून करू, तू दुसरी होडी काढ. मोहनाने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. "कुणासाठी काढू? परत कुणाच्या हिरवळीवर उभी करायला?" ती माणसं दोनदा परत आली. शेवटी तिने एकच अट घातली. होडी कुणा एकाची असणार नाही, आणि सगळ्यांचा होकार असल्याशिवाय कुणी तिला आरीसुद्धा लावणार नाही. मकरपुऱ्यात एक शेड भाड्याने घेऊन त्यांनी ती बांधली. ही पहिलीपेक्षाही अरुंद आहे.

या जानेवारीत नव्या होडीची पहिली शर्यत झाली. मोहनाला ताप होता, म्हणून ती गेली नाही. संध्याकाळी ऋचाचा फोन आला, दुसरे आलो, सगळे खूश आहेत. मोहनाने शर्यत कशी झाली ते सगळं ऐकून घेतलं आणि मग पांघरूण फेकून ती ओरडायला लागली: वळायला इतका उशीर का केलात, वारा फिरलेला दिसत नव्हता का, डोळे कुठे होते तुमचे? मी सुंठीचा काढा घेऊन दारात उभी होते. तिने हातानेच मला थांब म्हटलं आणि पहिल्यापासून परत ओरडायला सुरुवात केली.