माईक नसलेलं कृपादान

श्रीरामपूरच्या स्टँडवर पप्पांनी माझी बॅग पुण्याच्या गाडीत चढवली आणि खिडकीखाली उभं राहून म्हणाले, "तिथं तरी शहाण्यासारखं वाग." मम्मी घरीच थांबली होती. आमच्यातलं कोणी नर्सिंगला निघालं तरी चर्चची अर्धी मंडळी स्टँडवर प्रार्थनेला येते, कंडक्टर डबल बेल मारतो तरी आमेन होत नाही. माझ्यासाठी कोणी आलं नाही.

मी काय केलं होतं ते तुम्ही मंडळीतल्यांनी एकाच बाजूने ऐकलंय, म्हणून हे लिहितेय. तिथे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे गुपचूप निघून आलेल्यांसाठीही. बोलणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

पप्पांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. मी दहावी झाले आणि आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं, देवाने या मुलीला भाषांतराचं कृपादान दिलंय. कृपादान म्हणजे मंडळीच्या सेवेसाठी देव ज्याला त्याला देतो ती देणगी. हे दान देवाने दिलं नव्हतं, पप्पांनी फी भरून आणलं होतं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक इंग्रजी वक्त्याशेजारी मला माईक देऊन उभं केलं जायचं. सभेआधी मी चर्चच्या मागे जाऊन लपायचे. मम्मी म्हणायची, "होईल सवय." झाली नाही.

मला जमायचं ते वेगळंच. आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या मार्थाकाकूंना कॅन्सर झाला, तो हाडांपर्यंत गेला. कॉलेजवरून आल्यावर मी त्यांच्या खाटेशेजारी बसायचे. पाय दाबायचे, नाहीतर नुसतीच बसायचे. त्या म्हणायच्या, "तू बोलत न्हाईस ते लई बरं हाय. बाकीचे येत्यात, मोठ्यानं परार्थना करत्यात, चहा पित्यात नि जात्यात. दुखतंय कुठं, त्ये कुनी इचारत न्हाई." तिथे मला लपावंसं वाटत नसे.

मी धीर करून पाळकसाहेबांना म्हटलं, मला आजाऱ्यांच्या घरी जायची सेवा द्या. ते हसले. "अगं, ते तर सगळ्याच बायका करतात. त्याला कृपादान कशाला लागतं?"

या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही. उपदेश हे दान, गाणं हे दान, भविष्यवाणी आणि रोग बरे करणं तर फारच मोठं दान. ज्याला माईक लागतो ते दान, आणि ज्याला लागत नाही ती बायकांची सवय. बायबलच्या वचनातल्या कृपादानांच्या यादीत दया करणंही आहे. तुम्ही ती यादी दरवर्षी वाचता आणि त्या शब्दावरून असे जाता, जणू तिथला स्पीडब्रेकर रात्रीत कोणी काढून नेलाय.

मग कॅनॉलजवळच्या मैदानात प्रार्थनेने रोग बरे करायची संजीवन सभा झाली. वक्ते दक्षिणेतून आले होते, इंग्रजीत बोलायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी मार्थाकाकूंना पुढे बोलावलं. दोघींनी धरून आणलं त्यांना. वक्ते मला म्हणाले, तिला सांग, दुखण्याच्या गोळ्या हा तिचा अविश्वास आहे. त्या या टेबलावर प्रभूपुढे ठेव आणि बरी होऊन घरी जा.

मी बोलले नाही. मला ऐकू आलं नसेल असं वाटून त्यांनी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. मी मार्थाकाकूंकडे बघत उभी राहिले. शेवटी पाळकसाहेबांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि स्वतः सांगितलं, स्वच्छ मराठीत, एक शब्द न गाळता. एवढं इंग्रजी येत होतं, तर इतकी वर्षं मला कशाला उभं केलं होतं?

काकूंनी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. मांडवभर हालेलुया झालं.

काकूंना घरी पोचवलं. लोक जेवणाच्या रांगेत गेल्यावर मी ती पाकिटं उचलली आणि सरळ काकूंच्या घरी गेले. वाटलं होतं, त्या नको म्हणतील. त्यांनी हात पुढे केला. "आन इकडं. त्यान्ला कुठं दुखतंय? एवढ्या मान्सांत मला न्हाई म्हनवलं न्हाई."

पाकिटं उचलताना मला कोणीतरी बघितलं होतं. पुढच्या रविवारी मी देवापुढे ठेवलेली वस्तू चोरणारी ठरले. माईकवर येऊन माफी माग, असा निरोप आला. पप्पा म्हणाले, "दोन वाक्यं म्हण आणि विषय मिटव. इंग्रजीत म्हण हवं तर." मी ती म्हटली नाहीत. मंडळीचं आमच्या घरी येणंजाणं थांबलं. मम्मीने चर्चच्या भगिनी मंडळात जाणं सोडलं. मी काकूंकडे जात राहिले, शेवटपर्यंत. त्यांच्या मातीला पाळकसाहेब म्हणाले, आमच्या भगिनीला त्या सभेत शांती मिळाली. तुम्ही माना डोलावल्यात. त्यानंतर मला पुण्यात नोकरी मिळाली आणि मी निघाले.

पुण्यातही काही स्वर्ग नाही. इथलं चर्च एका मॉलच्या वरच्या हॉलमध्ये भरतं. कृपादान ओळखायची ऑनलाइन टेस्ट असते. माझ्या रिझल्टमध्ये सगळ्यात वर 'मर्सी' आलं, म्हणजे दया. कोऑर्डिनेटर ताईंना फार आनंद झाला आणि त्यांनी मला वेलकम टीमचा टी-शर्ट दिला. दारात उभं राहून अनोळखी लोकांना हसायचं. काही आठवडे हसले. मग विचारलं, हॉस्पिटलमध्ये जाऊ का? "ती सेवेची मिनिस्ट्री अजून लाँच झालेली नाही," त्या म्हणाल्या.

मी टी-शर्ट धुऊन परत केला. आता शनिवारी मी एका शुश्रूषा केंद्रात जाते. शेवटचे दिवस मोजणारी माणसं असतात तिथे. कोणाला पाणी हवं असतं, कोणाला खिडकी लावून हवी असते, कोणाला नुसतं शेजारी माणूस हवं असतं. कधी बसायचं आणि कधी उठून बाहेर जायचं, ते मला कळतं. कसं कळतं ते सांगता येत नाही. मी शिकले नाही ते. दिलेलंच आहे ते.

मागच्या आठवड्यात पप्पांचा फोन आला. नाताळला ये म्हणाले. मग म्हणाले, "उपासनेत एकदाच उभी राहा. पाळकसाहेब विसरायला तयार आहेत."

"मी विसरायला तयार नाही," मी म्हटलं. "मी घरी येईन पप्पा. उपासनेलाही येईन. गल्लीत कोणी आजारी असेल तर त्याच्याकडे बसेन, आणि त्याला सेवा म्हणेन. माफी मागणार नाही."

मी वाट बघितली, रागावून फोन ठेवतील म्हणून. ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागे मम्मीच्या भांड्यांचा आवाज. मग म्हणाले, "तुझी मम्मी गल्लीतल्या त्या सुमनताईंकडे जाऊन बसते हल्ली. त्यांना अर्धांगवायू झालाय. काय बोलतेस तिथं, विचारलं, तर म्हणते, काही नाही." फोन त्यांनी तसाच चालू ठेवला.

मीही काही बोलले नाही. त्या घरातलं कोणी मला पहिल्यांदाच बोलायला लावत नव्हतं.