फुटाला एक सूत

टेलरकाकूंना "हा आगगाड्यांचा छंद कधी लागला हो?" असं विचारायची सोय नाही. "छंद कसला डोंबलाचा!" म्हणून त्या अंगावरच येतात. सत्तरी उलटली, पण शिलाई मशीन एका कोपऱ्यात आणि बाकी खोलीभर बोटाएवढे रूळ, सिग्नल नि गाड्या. हे सगळं सुरू झालं संतापापायी.

नवरा तेव्हा रेल्वेत केबिनमन होता. माडीवरच्या केबिनच्या खिडकीतून खालचा रूळ मोकळा आहे ना ते बघायचं, मग सिग्नल द्यायचा. एकदा रुळावर एक डबा राहून गेला, वरून दिसला नाही, आणि मालगाडी येऊन धडकली. कुणी दगावलं नाही, पण दोन डब्यांचा चुराडा झाला. नवऱ्याला घरी बसवलं.

चौकशी झाली कुठे? मोठ्या कचेरीत, पंख्याखाली! यार्डात पाऊल टाकायची तसदी एकाही साहेबाने घेतली नाही. नवरा कळवळून सांगत होता, "साहेब, मालधक्क्यावर पत्र्याचं छप्पर घातलंय, त्याच्याआड डबा जातो. तेव्हाच अर्ज दिला होता मी."

साहेबाने नकाशावर पट्टी ठेवली. "नकाशात छप्पर नाही."

म्हणजे हाच खोटारडा! निकाल पुढच्या सोमवारी.

काकूंचा नुसता तिळपापड झाला. नवरा म्हणाला, "जाऊ दे. मोठ्यांशी कोण भांडणार?"

"जाऊ दे कसं? सपाट कापडावर पोट दिसतं का? अंगावर चढवल्याशिवाय काही कळत नाही!"

टेप घेऊन त्या थेट यार्डात गेल्या. हमाल खी खी हसले. "हसा लेको," म्हणत काकूंनी लांबी टेपने घेतली, उंची भिंतीच्या विटा मोजून काढली. फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, असं माप धरलं. पुठ्ठा, आगकाड्या, पत्र्याचे डबे कापून चार दिवसांत फळीवर सगळं यार्ड उभं केलं. केबिनला खिडकीसुद्धा कापली. गिऱ्हाइकं ब्लाउजसाठी कोकलत होती, त्यांना सांगितलं, "पुढच्या आठवड्यात या."

सोमवारी ती फळी त्यांनी साहेबाच्या टेबलावर आदळली, नकाशाच्या डोक्यावर. "ह्या खिडकीला डोळा लावा आणि डबा दाखवा मला."

साहेब आधी हसला. मग वाकला. मान इकडून घातली, तिकडून घातली. छप्पर उचललं, डबा दिसला. ठेवलं, गायब.

नवरा कामावर परत रुजू झाला. पत्रात मात्र लिहिलं होतं, 'साहेबांनी प्रत्यक्ष पाहणी केली असता...' प्रत्यक्ष! निर्लज्जपणाची कमाल! काकूंचा एका ओळीतही उल्लेख नाही. फळी मागायला गेल्या तर शिपाई म्हणाला, "ती साहेबांनी घरी नेली. नातवाला फार आवडली म्हणे."

घरी नवरा खुशीत होता. "नोकरी मिळाली, कलंक धुऊन निघाला. आता आणखी काय हवं तुला?"

"तुमचं सगळं मिळालं हो. माझं यार्ड कुठाय?"

काकूंनी शिवायचे कपडे बाजूला सारले आणि नवी फळी पुढ्यात ओढली. ह्या खेपेला पहिली काडी चिकटवायच्या आधी त्यांनी फळीवर मधोमध, ठळक अक्षरांत, स्वतःचं नाव लिहिलं.